शब्दांच्या अटी : इलेक्ट्रॉनचा विचित्रपणा आणि भाषेचा इतिहास

१

ग्रीक भाषेत ‘इलेक्ट्रॉन’ म्हणजे अंबर : वृक्षांच्या चिकापासून लक्षावधी वर्षांत घडलेला पिवळसर, पारदर्शक पदार्थ. तो घासला म्हणजे वाळलेल्या गवताची काडी ओढून घेतो. म्हणून संस्कृतात त्याला ‘तृणमणी’ म्हणतात. ग्रीक नाव पदार्थाचे आहे, संस्कृत नाव त्याच्या करणीचे. १८९१ मध्ये जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी या आयरिश भौतिकीविदाने हा ग्रीक शब्द उचलला, तेव्हा त्याला कोणताही कण अभिप्रेत नव्हता. विद्युत्भाराच्या एका नैसर्गिक एककाला त्याने ते नाव दिले होते. १८९७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसनने कॅथोड किरणांचा अभ्यास करून हायड्रोजनच्या अणूहूनही कितीतरी हलक्या, ऋणभारित कणांचे अस्तित्व दाखवून दिले. मात्र त्याने त्यांना ‘इलेक्ट्रॉन’ म्हटले नाही. त्याचा शब्द ‘कॉर्पसल’, म्हणजे सूक्ष्म देह, हा होता आणि पुढे अनेक वर्षे तो त्याच शब्दाला चिकटून राहिला. नाव एकाने दिले, वस्तू दुसऱ्याने दाखविली, आणि दोहोंची गाठ तिसऱ्याच लोकांनी मारली.

इलेक्ट्रॉनच्या इतिहासातील हा प्रारंभ सूचक आहे. नाव आणि वस्तू यांच्यातील ही फट नंतरच्या शंभर वर्षांत बुजली नाही. उलट तिच्या कडा अधिक स्पष्ट होत गेल्या. कण, कक्षा, परिवलन, तरंग, स्थान, निरीक्षण हे सर्व शब्द इलेक्ट्रॉनसाठी रोजच्या व्यवहारातून उसने आणले गेले, आणि त्यांतील प्रत्येकाच्या बाबतीत तो कोठवर चालतो व कोठे मोडतो याची नोंद करावी लागली. इलेक्ट्रॉनचा विचित्रपणा म्हणून जे सांगितले जाते त्याचा मोठा भाग या नोंदींत आहे. साहित्यसमीक्षेने विसाव्या शतकात यांतील बरेच शब्द आपल्याकडे घेतले. ते घेताना त्यांच्यासोबतच्या अटी मागे राहिल्या काय, हा प्रश्न या इतिहासाच्या आधारे विचारता येतो.

२

१९११ मध्ये रदरफर्डने अणूच्या मध्यभागी जड केंद्र असल्याचे दाखविल्यावर इलेक्ट्रॉनसाठी ग्रहाचे रूपक जवळजवळ आपोआप पुढे आले. केंद्र म्हणजे सूर्य, इलेक्ट्रॉन म्हणजे ग्रह. परंतु ज्ञात विद्युत्गतिकीच्या नियमांनुसार फिरणाऱ्या भारित कणाने सतत प्रारण फेकले पाहिजे, आणि तसे झाल्यास तो सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी काळात केंद्रात कोसळला पाहिजे. नील्स बोरने १९१३ मध्ये यावर जो तोडगा काढला तो रूपकाच्या दृष्टीने मोठा धाडसी होता. काही ठरावीक कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन प्रारण फेकत नाही, आणि एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत जाताना मात्र निश्चित ऊर्जेचा प्रकाश बाहेर पडतो, असे त्याने मानले. दोन कक्षांच्या मधल्या प्रवासाविषयी त्याच्या सिद्धान्तापाशी शब्दच नव्हते. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात रदरफर्डने पत्र लिहून नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. कोणत्या वारंवारतेने कंप पावावयाचे हे इलेक्ट्रॉन कसे ठरवितो? आपण कोठे थांबणार हे त्याला आधीच ठाऊक असते असे मानावे लागेल, अशी त्याची शंका होती. ‘ठरविणे’ आणि ‘ठाऊक असणे’ ही क्रियापदे त्याने गमतीने वापरली असतील. तरी ग्रहाचे रूपक ताणल्यावर त्यातून इच्छा बाळगणारा, भविष्य जाणणारा जीव कसा डोकावू लागतो हे त्यांतून दिसते.

१९२५ च्या जून महिन्यात हेल्गोलँड बेटावर असताना वेर्नर हायझेनबर्गने कक्षेचे हे रूपक सोडूनच दिले. कक्षा कोणी पाहिलेली नाही. पाहिले जाते ते बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची वारंवारता आणि तीव्रता. सिद्धान्त केवळ या राशींच्या परस्परसंबंधांचा असावा, ही त्याची भूमिका होती. त्याच वर्षी लायडनमध्ये उलेनबेक आणि गाउडस्मित या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो अशी कल्पना मांडली. ज्येष्ठ भौतिकीविद लोरेन्ट्सने हिशेब करून दाखविले की इलेक्ट्रॉन खरोखरच छोटा गोळा असेल, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगाहून अधिक भरेल. कल्पना चुकीची ठरली, शब्द मात्र टिकला. ‘स्पिन’ हा गुणधर्म आजही आहे, पण त्यात फिरणारे काहीही नाही. अशा गुणधर्माचा कण एक पूर्ण फेरा घेऊन मूळ स्थितीत येत नाही. त्याचे वर्णन करणाऱ्या गणिती पदाचे चिन्ह उलटते, आणि ते पूर्ववत होण्यास दोन फेरे लागतात. न्यूट्रॉनचे स्पिन याच प्रकारचे असल्याने ही गोष्ट १९७५ मध्ये न्यूट्रॉनवरील प्रयोगांनी पडताळून पाहिली गेली. मृत रूपकाची ही एक वेगळीच जात म्हणावी लागेल. भाषेतील मृत रूपकांचे मूळ विसरले गेलेले असते. ‘स्पिन’चे मूळ सर्वांना ठाऊक असते आणि ते लागू नाही हेही ठाऊक असते.

३

तरंगाच्या रूपकाचा प्रवास याहून गुंतागुंतीचा आहे. १९२४ मध्ये लुई द ब्रॉयने आपल्या प्रबंधात कणांनाही तरंगलांबी असावी असे सुचविले. १९२७ मध्ये अमेरिकेत डेव्हिसन व जर्मर यांनी, आणि ॲबर्डीन येथे जी. पी. थॉमसनने, इलेक्ट्रॉनांचे विवर्तन प्रत्यक्ष दाखविले. जी. पी. थॉमसन हा जे. जे. थॉमसनचा मुलगा. पित्याला १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते ज्या संशोधनासाठी त्याच्या ओघात इलेक्ट्रॉन कण ठरला होता; पुत्राला १९३७ चे पारितोषिक विभागून मिळाले ते तोच इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो हे दाखविल्याबद्दल. दोघांपैकी कोणाचाही प्रयोग दुसऱ्याने खोटा ठरविलेला नाही.

१९२६ मध्ये श्रोडिंगरने या तरंगाचे समीकरण मांडले तेव्हा अनेकांना हायसे वाटले, कारण तरंग डोळ्यांपुढे आणता येतो. परंतु हे चित्र एकाच इलेक्ट्रॉनपुरते टिकते. दोन इलेक्ट्रॉन असले की त्यांचा तरंग सहा मितींच्या अवकाशात मांडावा लागतो, तीन असले की नऊ मितींच्या. असा तरंग कोणत्याही पाण्यावर उठत नाही. त्याच वर्षी माक्स बोर्नने या तरंगाचा निराळा अर्थ लावला : तरंग पदार्थाचा नसून संभाव्यतेचा आहे. इलेक्ट्रॉन अमुक ठिकाणी आढळण्याची संभाव्यता तरंगाच्या परिमाणाच्या वर्गावरून मिळते. यातील ‘वर्ग’ हा निर्णायक शब्द बोर्नच्या पहिल्या निबंधात मजकुरात नव्हता. तळटीपेत केलेल्या दुरुस्तीने तो आत आला. पुंजयामिकीचा प्रत्यक्ष अनुभवाशी संबंध जोडणारा नियम तळटीपेतून जन्मावा, ही गोष्ट संहितेच्या समासांत रस घेणाऱ्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दोन फटींचा प्रयोग या साऱ्या विसंगतीचे सार मानला जातो. दीर्घकाळ तो कल्पनेतला प्रयोग होता. १९६१ मध्ये ट्यूबिंगन येथे क्लाउस यॉन्सनने तो इलेक्ट्रॉनांवर खरोखर करून दाखविला. पुढे बोलोन्या येथे मेर्ली, मिसिरोली व पोत्झी यांनी १९७० च्या दशकात, आणि जपानमध्ये तोनोमुरा व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये, फटींच्या जागी अतिसूक्ष्म तार वापरून, एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडून याच स्वरूपाचे प्रयोग केले. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका उमटवितो. प्रारंभीचे ठिपके विस्कळीत दिसतात. हजारो ठिपके साचल्यावर त्यांतून आडव्या-उभ्या कशाचाही संकेत न देता आलेले पट्टे, तरंगांच्या परस्परव्यतिकरणाची खूण, उभे राहतात. ठिपका कणाची भाषा बोलतो, ठिपक्यांचा समूह तरंगाची. कोणत्या वाटेने इलेक्ट्रॉन गेला याची नोंद ठेवण्याची सोय केली, की पट्टे नाहीसे होतात.

४

या पार्श्वभूमीवर हायझेनबर्गचा १९२७ चा निबंध वाचावयास हवा. त्याच्या शीर्षकातच ‘आन्शाउलिश’ हा जर्मन शब्द आहे. दृश्य, प्रतीतिगम्य, अंतःप्रज्ञेला पटणारा अशा अनेक छटा त्यात मिसळलेल्या आहेत, आणि अनुवादकांना त्याने नेहमीच अडविले आहे. नवी यामिकी डोळ्यांपुढे आणता येत नाही, हा श्रोडिंगरचा आक्षेप होता. हायझेनबर्गने त्याला उत्तर देताना शब्दाचीच व्याख्या बदलली. साध्या उदाहरणांत सिद्धान्ताचे प्रायोगिक परिणाम गुणात्मक पातळीवर विचारात आणता आले, आणि सिद्धान्तात अंतर्विरोध नसला, की तो सिद्धान्त प्रतीतिगम्य झाला, असे त्याने मानले. चित्र दिसण्याची अट त्याने काढून टाकली. त्यानंतरचे त्याचे विधान भाषाविचाराच्या दृष्टीने अधिक मूलगामी आहे. ‘इलेक्ट्रॉनचे स्थान’ या शब्दांना अर्थ हवा असेल, तर ते स्थान ज्याने मोजावयाचे तो निश्चित प्रयोग सांगितला पाहिजे. एरवी त्या शब्दांना अर्थ नाही. शब्द वापरण्याची परवानगी येथे अटीवर मिळते.

स्थानाची अट आणि संवेगाची अट एकाच वेळी हवी तितकी पुरी करता येत नाही, हा या निबंधाचा प्रसिद्ध निष्कर्ष. या मर्यादेला हायझेनबर्गने निबंधाच्या मुख्य भागात बहुतांशी जो शब्द वापरला त्याचा अर्थ ‘अचूकतेचा अभाव’ असा होतो. ‘खात्री नसणे’ या अर्थाचा शब्द शेवटी जोडलेल्या टीपेत येतो. बोरने निबंधातील सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टान्तात दोष दाखविल्यामुळे ही टीप लिहावी लागली होती. नंतरच्या लेखनात हायझेनबर्गने ‘उनबेश्टिम्टहाइट’, म्हणजे ‘ठरलेले नसणे’, या शब्दाला पसंती दिली. इंग्रजीत मात्र १९३० च्या त्याच्या पुस्तकाच्या अनुवादाने ‘अनसर्टन्टी’ हा शब्द रूढ केला, आणि मराठीने त्यावरून ‘अनिश्चितता’ घेतली.

मराठीतील ‘अनिश्चितता’ दोन निरनिराळ्या गोष्टी सामावून घेते. पावसाची अनिश्चितता ही आपल्या माहितीची उणीव असते. ज्या प्रश्नाचा निर्णय अद्याप झालेलाच नाही, त्याची अनिश्चितता वस्तुस्थितीतच असते. एक ज्ञानाविषयी, दुसरी अस्तित्वाविषयी. हायझेनबर्गच्या शब्दबदलात नेमका हाच वाद दडलेला आहे, आणि मराठी प्रतिशब्दाने तो झाकून टाकला. ‘क्वांटम’साठी रूढ झालेल्या ‘पुंज’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. लॅटिनमधील मूळ शब्दात ‘किती’ हा मोजदादीचा प्रश्न आहे. मराठीत ‘पुंज’ म्हटल्याबरोबर तेजःपुंज, ढीग, समुच्चय असे काही विस्तारलेले, कडा नसलेले मनात येते. सिद्धान्ताला अभिप्रेत आहे ती याच्या उलट, आणखी फोडता न येणारी ठरावीक मात्रा. परिभाषा घडविणाऱ्यांचा हा दोष म्हणता येणार नाही. मूळ शब्दच उसना असताना प्रतिशब्द निर्दोष मिळेल, ही अपेक्षा जास्तीची ठरेल.

५

हायझेनबर्गच्या निबंधानंतर चार वर्षांनी, १९३१ मध्ये, रोमान इन्गार्डेन या पोलिश तत्त्वज्ञाचा साहित्यकृतीवरील ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्याच्या केंद्रस्थानी ‘उनबेश्टिम्टहाइट’ हाच शब्द आहे. साहित्यकृतीत चित्रित झालेल्या वस्तूंमध्ये ‘अनिर्धारित स्थळे’ असतात, असे इन्गार्डेनने दाखविले. कादंबरीतील वाड्याला किती खिडक्या होत्या हे लेखकाने सांगितले नसेल, तर ती संख्या आपल्याला माहीत नाही असे म्हणणे चूक आहे. अशी संख्याच नाही. वाचक आपल्या मूर्तीकरणात ती जागा भरतो. वोल्फगांग इझरने १९७० मध्ये कॉन्स्टान्झ येथील प्रवृत्तीतून हाच शब्द आपल्या निबंधाच्या शीर्षकात घेतला आणि वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्ताचा तो पाया बनला. इन्गार्डेन हुसर्लचा शिष्य होता, आणि त्याची संकल्पना प्रतिभासमीमांसेतून, म्हणजे फेनॉमेनॉलॉजीतून, आलेली आहे. भौतिकीतून ती आल्याचे मानण्याचे कारण नाही. एकाच भाषेतील एकच शब्द, चार वर्षांच्या अंतराने, दोन परंपरांमध्ये स्वतंत्रपणे कळीचा ठरला, एवढेच म्हणता येते.

म्हणूनच येथे केलेली तुलना उसनवारीच्या आरोपात अडकत नाही. साम्य खरे आहे : दोन्ही ठिकाणी ‘माहीत नाही’ आणि ‘ठरलेलेच नाही’ यांत भेद केलेला आहे. फरकही तितकाच खरा आहे. वाड्याच्या खिडक्या वाचक आपल्या मनाप्रमाणे मोजतो. एकाने सात मानल्या आणि दुसऱ्याने दहा, तर संहिता दोघांनाही अडवीत नाही. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत एकेका मापनाचे फलित आधी सांगता येत नाही, परंतु अनेक मापनांचे वितरण बोर्नच्या नियमाने काटेकोरपणे ठरलेले असते. तेथे निरीक्षकाच्या आवडीला जागा नाही.

दुसरा फरक अधिक खोल आहे. कादंबरीत खिडक्यांची संख्या नाही हे वाचकाला संहितेच्या स्वरूपावरून कळते. निसर्गात मात्र संख्या असेल आणि ती आपल्यापासून दडलेली असेल, ही शक्यता सहज टाकता येत नाही. १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी पुंजयामिकीचे वर्णन अपूर्ण असल्याचा युक्तिवाद केला तो याच दिशेने. १९६४ मध्ये जॉन बेलने या वादाला मोजता येण्याजोगे रूप दिले. फलिते आधीच ठरलेली असतील आणि दूरच्या घटनांचा परस्परांवर तात्काळ प्रभाव नसेल, तर दोन कणांवरील मापनांतील एका ठरावीक सहसंबंधाला वरची मर्यादा असली पाहिजे. पुढे वापरात आलेल्या सूत्रात ही मर्यादा २ आहे. १९७२ पासून झालेल्या अनेक प्रयोगांत ती ओलांडली गेली. २०१५ मध्ये डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनवर, पूर्वीच्या प्रयोगांतील प्रमुख पळवाटा बंद करून, २४५ मापने करण्यात आली, उत्तर २.४२ आले. या परंपरेतील कार्यासाठी आस्पे, क्लाउजर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यामुळे सर्व प्रश्न मिटले असे नाही. १९५२ मध्ये डेव्हिड बोमने मांडलेल्या अन्वयात इलेक्ट्रॉनला सदैव निश्चित स्थान असते. मात्र त्यासाठी दूरस्थ प्रभाव मान्य करण्याची किंमत मोजावी लागते. अन्वयार्थ अनेक राहिले, पण प्रत्येकाची किंमत आता ठरलेली आहे. समीक्षेत अन्वयार्थांच्या बहुत्वाविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या किमतीविषयी तितके बोलले जात नाही.

६

भौतिकीचे शब्द समीक्षेत आले ते बहुधा या किमतीशिवाय. ‘निरीक्षक वास्तव घडवितो’ हे वाक्य त्याचा नमुना आहे. प्रयोगशाळेत निरीक्षकाचे काम पडदा, गणकयंत्र किंवा छायाचित्राची काच करते. पट्टे नाहीसे होण्यास कोणी पाहत असण्याची गरज नसते, मार्गाची नोंद परिसरात कोठेतरी उरणे पुरेसे असते. जाणिवेला या प्रक्रियेत स्थान द्यावे असे १९६१ मध्ये युजीन विग्नरने सुचविले होते; पण १९७० पासून परिसराशी होणाऱ्या अन्योन्यक्रियेचा अभ्यास वाढत गेला आणि पुढे स्वतः विग्नरनेही ती भूमिका सोडली. ‘अनिर्णेयता’ हा शब्द याच गर्दीत हायझेनबर्गच्या नावावर जमा होतो. देरिदाने तो वापरला तेव्हा गणितातील गोडेलच्या १९३१ च्या सिद्धान्ताचा स्पष्ट उल्लेख करून, केवळ साम्यानुमान म्हणून वापरला होता. अनिश्चितता, अनिर्धारितता आणि अनिर्णेयता या तीन निरनिराळ्या कुळांच्या संज्ञा आहेत.

१९९६ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठातील भौतिकीविद ॲलन सोकल याने ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकात पुंजगुरुत्वाच्या अर्थमीमांसेवर एक मुद्दाम निरर्थक लेख छापून आणला आणि मागाहून तो बनाव असल्याचे जाहीर केले. समीक्षकांच्या उसनवारीवरील हा सर्वांत गाजलेला हल्ला. परंतु विज्ञानाच्या इतिहासकार मारा बेलर यांनी १९९८ मध्ये त्यावर जे लक्षात आणून दिले ते भौतिकीविदांनाही सुखावणारे नव्हते. शब्दांना त्यांच्या अटींपासून सोडविण्याची सुरुवात समीक्षकांनी केलेली नव्हती. ती बोर, बोर्न, पाउली अशा प्रवर्तकांनीच केली होती. स्वतः बोरने पूरकतेची संकल्पना १९३२ मध्ये जीवशास्त्राला आणि १९३८ मध्ये मानववंशशास्त्राला लावून पाहिली. अणूंविषयी बोलताना भाषा काव्यात वापरतात तशीच वापरता येते, हे बोरच्या नावावर वारंवार उद्धृत होणारे मतही याच संदर्भात तपासावयास हवे. ते हायझेनबर्गच्या १९६९ मधील आठवणींत, १९२२ च्या संभाषणाचा भाग म्हणून येते. म्हणजे ते पुंजयामिकीच्या जन्मापूर्वीचे, सत्तेचाळीस वर्षांनी स्मरणातून लिहिलेले आहे. ग्रहरूपी कक्षा तेव्हा अजून सोडली गेलेली नव्हती. त्यानंतरच्या वर्षांत भौतिकीने जे केले ते काव्यासारखे नव्हते. प्रतिमा वाढविण्याऐवजी तिने त्यांचा वापर नियमांनी बांधला.

या नियमबद्धतेचे फळ अंकांत दिसते. ज्या ‘स्पिन’मध्ये काहीही फिरत नाही, त्याच्याशी निगडित असलेले इलेक्ट्रॉनचे चुंबकीय परिबल २०२३ मध्ये दहा लाख कोटींत सुमारे एक भाग इतक्या अचूकतेने मोजले गेले. अनिश्चिततेचे तत्त्व ज्याच्याविषयी सांगितले जाते, त्याच्याविषयीच मानवाचे एक अत्यंत अचूक ज्ञान आहे. इलेक्ट्रॉनच्या विचित्रपणातून ‘काहीच निश्चित नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यास या एका आकड्याचा खुलासा देता येणार नाही.

साहित्यविचाराने या इतिहासाकडे पाठ फिरवावी असे यातून निष्पन्न होत नाही. संहितेच्या अनेकार्थतेला इलेक्ट्रॉनच्या साक्षीची गरज नाही. ती इन्गार्डेनने आपल्या बळावर सिद्ध केलेली आहे. घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. रूपक वापरणाऱ्याने ते कोठे थांबते हे सांगावे, शब्दाला अर्थ देणारी कृती दाखवावी, आणि शब्द पुढे टिकला तरी त्याच्यातून काय वजा झाले याची नोंद ठेवावी, ही शिस्त १९१३ ते १९२७ या चौदा वर्षांत मोठ्या कष्टाने घडली. ‘अनिश्चितता’ हा शब्द कवितेविषयी लिहिताना अवश्य वापरावा. मात्र तेथे नेमके काय ठरलेले नाही, ते कोणासाठी ठरलेले नाही, आणि काय पक्के ठरलेले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच परिच्छेदात मिळावयास हवीत.